कोर्बिनियानच्या स्कीची कंबर

मेच्या शेवटच्या आठवड्यात वरच्या वाटेवरचा बर्फ वितळला की रूपर्ट होलाउस मुलाची स्की खाली आणायचा. चोवीस वर्षांत हे एकदाही चुकलं नव्हतं. रोस्कारच्या उतारावर हिमलोटानं कोर्बिनियानला जिथं गाठलं, तिथं वाटेच्या कडेला त्याचं स्मारक होतं. एक खांब, वर छोटंसं छप्पर, छपराखाली रंगवलेली पाटी. पाटीवर नाव, साल आणि येणाऱ्याजाणाऱ्यानं एक प्रार्थना म्हणावी अशी विनंती. आमच्या खोऱ्यात डोंगरानं नेलेल्या प्रत्येकाला एवढं छप्पर मिळतंच, जिवंतपणी त्याच्या डोक्यावर धड छप्पर असो वा नसो. कोर्बिनियानच्या पाटीखाली लोखंडी पट्टीनं आवळून त्याची स्की उभी केलेली होती. एकच, कारण जोडीतली दुसरी मिळाली नाही असं सगळे मानत.

खाली आणलेली स्की रूपर्ट कार्यशाळेतल्या बाकावर आवळायचा, काळं पडलेलं लाकूड खरवडायचा, पोलादी कडा गंजून गेल्या असतील त्या वर्षी उतरवून नव्या बसवायचा, डांबर चोळायचा, व्हार्निशचे तीन हात द्यायचा. लोक कबरीवरची फुलं बदलतात, हा कडा बदलायचा. जूनमध्ये गावची मिरवणूक त्या वाटेनं जायची. त्याआधी स्की पुन्हा जागेवर चमकत असायची. शहात्तराव्या वर्षीही तो ती खांद्यावर टाकून दीड तास चढायचा आणि कुणी मदतीला आलं तर त्याला घरी पाठवायचा.

१९९६च्या मेमध्ये ती अशीच बाकावर असताना शहरी बूट घातलेला एक तरुण वकील चिखल तुडवत कार्यशाळेच्या दारात आला. नाव डॉक्टर फेल्डनर; आमच्याकडे वकिलालाही डॉक्टरच म्हणतात. त्यानं बाकावरची स्की पाहिली आणि नमस्कारही विसरला. टोकाला रुंद, मध्ये बारीक, मागे पुन्हा रुंद. खिशातून त्यानं एक छायाचित्र काढलं. कुणा गिर्यारोहकानं १९७३ साली काढलेलं, स्मारकाचं, स्कीसकट.

भांडण असं होतं. फिर्नर नावाच्या कंपनीनं १९८९ साली कमरेत बारीक असलेल्या आखूड स्कीचं पेटंट घेतलं होतं. ही स्की नुसती कडेवर कलली की आपणहून वळते. गेली दोनतीन वर्षं जो तो तीच मागत होता. ग्राटमान कंपनीनं तशाच स्की बाजारात आणल्या, फिर्नरनं तिच्यावर दावा लावला, आणि ग्राटमाननं व्हिएन्नाच्या पेटंट कचेरीतल्या पंचांकडे उलट अर्ज केला की पेटंटच रद्द करा, कारण हा आकार नवा नाही. फेल्डनर ग्राटमानचा वकील. १९८९च्या आधी असली स्की चारचौघांत होती एवढं दाखवलं की काम झालं. आणि इथं तर ती सतरा वर्षं आधीपासून भर वाटेवर उभी होती. फक्त छायाचित्र तिरकं आणि धूसर होतं, त्यावरून माप काढता येत नव्हतं. म्हणून स्कीच हवी होती.

रूपर्टला कंपन्यांचं सोयरसुतक नव्हतं. दोघी मोठ्या, दोघींच्या स्की यंत्रातून पावासारख्या निघायच्या. त्यानं एकच विचारलं.

“डॉक्टरसाहेब, निकालात पोराचं नाव येईल?”

“येईल की. हा आकार पहिल्यांदा कुणी केला ते लिहिल्याशिवाय निकाल लिहिताच येणार नाही, मास्टर.”

“होलाउस नको. होलाउस गावात पन्नास आहेत. कोर्बिनियान होलाउस.”

फेल्डनरनं वहीत तसं लिहून घेतलं आणि रूपर्टला दाखवलं.

हे नाव त्याला का हवं होतं, ते सांगायचं तर मागं जावं लागेल. कोर्बी बावीसचा होता. बापाच्या हाताखाली स्की करायला शिकला, आणि शिकला तो बापाच्या वर गेला, जे बापाला सोसत नाही. ७१च्या हिवाळ्यात त्यानं अ‍ॅश नावाच्या झाडाच्या चिवट लाकडाची ती बारीक कमरेची जोडी केली. तोवर स्की म्हणजे लांब सरळ फळी. रूपर्ट खानावळीत सगळ्यांदेखत म्हणाला, “पोरानं स्कीला कंबरपट्टा बांधलाय. आता घागरा शिवायला टाका.” लोक पोट धरून हसले. पिकतं तिथं विकत नाही, आणि बापच विकू द्यायचा नाही म्हटल्यावर दुसरा कोण घेणार?  मार्चमधल्या एका सकाळी कोर्बी ती जोडी घेऊन रोस्कारवर गेला आणि वरचा सगळा उतार त्याच्यासकट खाली आला.

तिसऱ्या दिवशी तो सापडला, उजव्या पायात एक स्की तशीच. गाव म्हणालं, त्या चेटकी स्कीनं मारलं, असली वळणं घेतल्यावर बर्फ कापला जाणारच. रूपर्टही तेच म्हणाला, थडग्यापाशी उभं राहून, मोठ्यानं. त्याची बायको नोटबुर्गा, जिला सगळे बुर्गी म्हणत, तिनं मात्र पायातली ती स्की काढून घेतली, उशाशी ठेवली, आणि स्मारक उभं राहिलं तेव्हा स्वतः वर नेऊन पट्टीत आवळली.

दुसरी स्की मेमध्ये ओढ्याच्या घळीत उघडी पडली. ती रूपर्टला सापडली. तो एकटाच होता. बर्फाचं सगळं वजन सोसूनही ती सरळ होती, एक चीर नाही, आणि ते पाहून त्याचं डोकं फिरलं. पोरगं मोडलं आणि ही शाबूत. त्यानं ती कार्यशाळेत आणली, दोन तुकडे केले आणि सरस वितळवायच्या शेगडीत घातली. बुर्गीला सांगितलं नाही. उद्या सांगू म्हणाला, मग पुढच्या रविवारी, मग ईस्टरला. दरम्यान बुर्गीनं आपली रीत सुरू केली होती. दर ऑगस्टमध्ये, बर्फ सगळ्यात कमी असतो तेव्हा, ती काठी घेऊन घळीत जायची आणि दुसरी स्की शोधायची. एकदा तिचा पाय मुरगळला, एकदा दरड अंगावर येता येता राहिली. ती थांबली नाही. त्याचं सांगणं राहूनच गेलं. दिवस जितके जात गेले तितकं सांगणं अवघड होत गेलं, हे काही त्याच्या एकट्याचं नाही. पण बायकोला घळीत पाठवून गप्प बसायला जे लागतं ते त्याच्याकडे होतं, आणि ते काही चांगलं नव्हे.

मग नव्वदीनंतर दुकानांतून बारीक कमरेच्या स्की दिसू लागल्या. सहलीला आलेली पोरंटोरं, पोट सुटलेले कारकून, सगळे त्यावरून आरामात वळत उतरू लागले. रूपर्ट डोंगरावर माणसं नेणाऱ्या लिफ्टखाली उभा राहून तासन्‌तास बघायचा. लिफ्टवाला म्हणाला, “रूपर्ट, तुझ्या पोरानं पेटंट घेतलं असतं तर आज ही लिफ्ट तुझी असती.” चेष्टेनंच म्हणाला बिचारा. रूपर्ट तडक घरी आला. पोरगा चुकला नव्हता. चूक थडग्यापाशी बोललेल्या त्या वाक्यात होती. ते वाक्य गावानं ऐकलं होतं, आणि ते पुसायला गावापेक्षा मोठ्या कुणाचा तरी शब्द हवा होता. व्हिएन्नाच्या पंचांच्या निकालात नाव आलं असतं तर ते झालं असतं.

सुनावणी जूनच्या अखेरीस होती. फेल्डनर आला त्या दिवशीच स्की घेऊन जाणार होता, पण बुर्गीनं ती दिली नाही. ती माझ्याबरोबर जाईल आणि माझ्याबरोबर येईल, म्हणाली. फेल्डनरनं मान डोलावली आणि हिला जपा एवढं सांगून तो गेला. त्यानं पुढं एक वाक्य बोलायला हवं होतं, हिला हात लावू नका. पण हे कायदा शिकलेले लोक. स्की करणाऱ्याला ‘जपा’ म्हटलं की तो काय करतो, हे त्यांना कुठून कळणार?

रूपर्टनं त्या वर्षी जीव ओतला. चांगलं पोलाद मागवून नव्या कडा बसवल्या, बाजू ताज्या लाकडापर्यंत रंधल्या, कमरेतला काळा डाग पार घालवला, व्हार्निशचे तीनाच्या जागी पाच हात दिले. एवढ्या मोठ्या लोकांसमोर पोराची स्की गबाळी नेतो काय? बुर्गीनं ती नव्या लोकरी कांबळ्यात गुंडाळली. व्हिएन्नाच्या आगगाडीत दोघांच्या मांडीवर ती आडवी, आणि बुर्गीचा हात सगळा वेळ तिच्यावर. खूप वर्षांनी ती त्याच्याशी भरभरून बोलत होती. कोर्बी लहानपणी अंड्याची भुर्जी साखर घालून मागायचा, असलं काहीबाही. रूपर्ट हसत होता, आणि आतून त्याला वाटत होतं, निकाल लागला, नाव आलं, की त्याच दिवशी हिला शेगडीचं सांगायचं.

सुनावणीच्या दालनाच्या दारात फेल्डनरनं कांबळं उलगडलं. आरशासारखी स्की पाहून त्याच्या तोंडाचं पाणी पळालं.

“हे... हे कधी केलंत?”

“गेल्या आठवड्यात,” रूपर्ट अभिमानानं म्हणाला. “दरवर्षी करतो.”

आत बोलावणं आलं होतं, बोलायला वेळ उरला नव्हता. तीन पंच होते, मधले अध्यक्ष चष्मेवाले, सौम्य. रूपर्टनं खरं सांगायची शपथ घेतली. फेल्डनरनं घाईघाईनं विचारून घेतलं की स्की कुणी केली, कधी केली, केव्हापासून वाटेवर आहे. रूपर्टनं मुलाचं पूर्ण नाव तीनदा घेतलं, टंकलेखन करणाऱ्या बाईकडे बघत.

मग फिर्नरच्या वकील उठल्या. डॉक्टर वेसेली, पन्नाशीच्या, आवाज मऊ. त्यांनी स्कीवरून बोट फिरवलं.

“फार सुंदर ठेवलीय हो, मास्टर.”

“ठेवायला नको? चोवीस वर्षं उन्हापावसात आहे. दुसऱ्या कुणाकडे असती तर सरपण झालं असतं.” हे बोलताना त्याची जीभ थोडी अडखळली, पण ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

“कडा जुन्याच आहेत?”

“छे. उघड्यावर कडा तीनचार वर्षं टिकतात. या सातव्या.”

“नवी कड बसवताना लाकडाचं काय करता?”

असा प्रश्न त्याला आजवर कुणी विचारला नव्हता. आपल्या कामाबद्दल कुणी नीट विचारतंय म्हटल्यावर कारागीर खुलतो. रूपर्टनं सांगितलं की जुन्या भोकांत स्क्रू धरत नाही, बाजूनं थोडं रंधावं लागतं, ताजं लाकूड लागलं की मग कड. थोडं म्हणजे किती, बाईंनी विचारलं. केसभर, तो म्हणाला.

“सगळीकडे सारखंच?”

“नाही. मध्ये जास्त. स्मारकाची लोखंडी पट्टी मध्ये असते ना, तिच्याखाली पाणी धरतं. लाकूड काळं पडतं. ते दरवर्षी खरवडून काढावं...”

वाक्य तिथंच राहिलं. स्वतःचे शब्द त्याच्या स्वतःच्या कानावर आले. दरवर्षी. मध्ये. समोर फेल्डनरनं डोळे मिटून घेतले होते. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, फक्त इथं हात चोवीस वर्षं दाखवत होता.

“मध्ये म्हणजे कमरेत,” वेसेलीबाई हळूच म्हणाल्या.

“कमरेत.”

“मग मास्टर, तुमच्या मुलानं ही केली तेव्हा कंबर किती होती?”

रूपर्टनं दोन्ही हात पुढं केले, जणू स्की हातात आहे. हजारो स्की त्यानं केल्या होत्या, कुठलीही एकदा धरली की रुंदी बोटांना कळायची. पण बोटं रिकामी राहिली. पोरगा जिवंत असताना त्यानं ती स्की एकदाही हातात घेतली नव्हती. नुसती लांबून पाहून हसला होता. पहिल्यांदा हाती धरली ती रंधा लावायलाच.

“मला ठाऊक नाही,” तो म्हणाला.

“म्हणजे ही कंबर मुलाची की तुमच्या रंध्याची, हे तुम्हीही सांगू शकत नाही.”

“नाही सांगू शकत.”

वेसेलीबाई बसल्या. त्यांच्या चेहऱ्यावर जिंकल्याचं काही नव्हतं, हे त्यांच्याबद्दल सांगायलाच हवं.

पण फेल्डनर तयारीचा गडी होता. तो उठला आणि पुढची तारीख मागितली. जोडी होती, तो म्हणाला, दुसरी स्की सापडलेली नाही. ती घळीत कुठंतरी बर्फाखाली आहे, तिला कुणाचाच हात लागलेला नाही. बर्फात लाकूड टिकतं. ऑगस्टमध्ये माणसं, यंत्रं, हवं ते घेऊन कंपनी घळ पिंजून काढेल. ती सापडली की माप आपोआप मिळेल.

मागच्या बाकावर बुर्गी उभी राहिली.

तिला बोलायची परवानगी नव्हती, तरी अध्यक्षांनी तिला थांबवलं नाही. ती पंचांना सांगू लागली की घळीची डावी बाजू मी सगळी पाहिलीय, तिथं वेळ घालवू नका. धबधब्याखालची कपार राहिलीय, तिथं मी एकटी उतरू शकत नव्हते. दोर लागेल, दोन धट्टीकट्टी माणसं लागतील. मी वाट दाखवीन. तिचे गाल लाल झाले होते आणि आवाज मुलीसारखा वर चढला होता. चोवीस वर्षांत पहिल्यांदाच तिच्या शोधाला कुणी वेड म्हणत नव्हतं. टंकलेखन करणारी बाई कपारीचं नाव लिहून घेऊ लागली.

एक शब्द न बोलता रूपर्ट बसून राहू शकला असता. तारीख मिळाली असती, माणसं गेली असती, काही सापडलं नसतं, घळीनं गिळली म्हणून विषय संपला असता. कुणाला कधीच कळलं नसतं. पण तिचा तो चेहरा समोर होता, आणि तिला त्या कपारीत उतरताना बघायची ताकद आता त्याच्यात राहिली नव्हती.

“बुर्गी, खाली बस,” तो म्हणाला. “ती तिथं नाहीय.”

अध्यक्षांनी विचारलं, कुठं आहे.

“मला सापडली होती. त्याच वर्षी, मेमध्ये. सरसाच्या शेगडीत जाळली मी.”

“का?”

“रागावलो होतो पोरावर. मेला म्हणून.”

बुर्गी खाली बसली नाही. काठी उचलून बाहेर निघून गेली. तारखेचा अर्ज फेल्डनरनं स्वतःच मागे घेतला.

परतीच्या गाडीत स्की पुन्हा दोघांच्या मांडीवर होती, पण बुर्गीचा हात तिच्यावर नव्हता. साल्झबुर्गला गाडी बदलेपर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती.  माफी मागायची तरी कशाची, जाळण्याची की गप्प बसण्याची, हेच रूपर्टला ठरवता येईना. डोंगर दिसू लागले तेव्हा ती बोलली.

“मी घळीत जाताना तू मला पाव आणि सुकं मांस बांधून द्यायचास, रूपर्ट.”

“हो.”

“दरवेळी. वर मीठ वेगळं, पुडीत.”

तिनं परत खिडकीकडे तोंड फिरवलं. 

निकालाचा लिफाफा सप्टेंबरात आला. पेटंट कायम राहिलं होतं. एकतीस पानं होती, आणि फेल्डनरनं सोबत दोन ओळींची चिठ्ठी जोडली होती की त्याला फार वाईट वाटतं. रूपर्ट स्वयंपाकघरातल्या टेबलाशी चष्मा लावून बसला आणि पहिल्या पानापासून बोट फिरवू लागला. बुर्गी समोर बटाटे सोलत होती. उन्हाळाभर ती त्याच्याशी लागेल तेवढंच बोलली होती. कोळसा संपलाय, पाद्रीबुवा आले होते, एवढंच.

“नाव आहे का त्यात?” तिनं विचारलं.

“बघतोय.”

एकोणिसाव्या पानावर होतं. पूर्ण नाव, नीट अक्षरं, एकही चूक नाही.

“आहे,” तो म्हणाला.

“वाच.”

त्यानं वाचलं. “‘कोर्बिनियान होलाउस याने तयार केलेल्या स्कीचा मूळ आकार आज ठरवता येत नाही, कारण एका स्कीचा आकार वडिलांच्या हातून वर्षानुवर्षे बदलत गेला आहे आणि दुसरी वडिलांच्याच हातून नष्ट झाली आहे.’”

सुरी थांबली होती.

“परत वाच.”

त्यानं परत वाचलं. तिनं तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा त्यानं पानावरून मान वर केली. ती त्याच्याकडेच बघत होती, आणि त्याच्या लक्षात आलं की ती मुलाचं नाव ऐकायला सांगत नव्हती. ती त्याच्या तोंडून उरलेलं वाक्य ऐकत होती.

“वाच, रूपर्ट,” बुर्गी म्हणाली. “मोठ्यानं. थडग्यापाशी बोललास तेवढ्या मोठ्यानं.”

तो उठून उभा राहिला आणि वाचू लागला.